धागा: स्पिरिटने धातू चकचकीत होतो, मग इथेनॉलने कार्ब्युरेटर का सडतो?

केळीवाला_यावल
मंडळी नमस्कार. प्रश्न गाडीचा आहे, पण मेकॅनिकला विचारून समाधान झालेलं नाही म्हणून इथे टाकतोय.

शेतातल्या खोलीत वडिलांची जुनी कार्ब्युरेटरवाली मोटरसायकल पावसाळाभर उभी होती. टाकीत थोडं पेट्रोल होतं. परवा काढली तर चालू होईना. फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरच्या तळाची, पेट्रोल साठवणारी वाटी) उघडला तर तळाशी पांढरी, ओलसर भुकटी, पितळी जेटच्या (पेट्रोल जाण्याच्या बारीक भोकाच्या नळीच्या) कडेने हिरवट थर आणि बाऊलच्या आतल्या भिंतीला सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे. मेकॅनिक एका शब्दात मोकळा झाला, "इथेनॉल." वर म्हणाला, बाऊलच नाही, अख्खा कार्ब्युरेटर बदला.

आता माझी शंका. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच ना? दवाखान्यात स्टीलचा ट्रे स्पिरिटने पुसतात, त्याला काही होत नाही. आमच्या गल्लीतला मोबाइल दुरुस्तीवाला आयपीए का काय ते (तेही अल्कोहोलच) ब्रशने थेट बोर्डावर लावतो, उलट तांब्याच्या रेघा लखलखायला लागतात. मग तोच प्राणी माझ्या कार्ब्युरेटरला का खातो? अल्कोहोल धातूला लागल्यावर नेमकं होतं तरी काय?

राजकारण नको. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, चांगलं की वाईट यावर दुसरे धागे आहेत.

भरीत_भाकरी
"राजकारण नको" लिहिलं म्हणजे तिसऱ्या प्रतिसादाला सुरू होणार. जागा धरून बसलो आहे.

गॅरेजवाला_धुळे
मेकॅनिक बरोबरच बोलला. हल्ली दर पावसाळ्यानंतर असे पाच-सहा कार्ब्युरेटर येतात. रोज चालणाऱ्या गाडीला फारसं होत नाही, उभ्या गाडीला होतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी तळाला बसतं आणि फ्लोट बाऊल हा सगळ्यात खालचा भाग. सगळा दोष पाण्याचा. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तरी थेंब वेगळा दिसायचा, आता विरघळून बसतं आणि मग एक दिवस एकदम वेगळं होतं.

तिसरा_डोळा_जळगाव
मका आपला, ऊस आपला, आणि खातो आपल्याच कार्ब्युरेटरला. वा रे योजना!

भरीत_भाकरी
बरोबर तिसरा. सांगितलं होतं ना.

अणुरेणू
जळगावलाच एमएस्सी केलं, नंतर याच विषयाच्या आसपास काम केलं, म्हणून लिहिते. लांब होईल.

आधी मूळ शंका. "अल्कोहोल धातूला लागल्यावर काय होतं" याला एक उत्तर नाही. कोणता धातू, किती तापलेला, आणि त्याच्या पृष्ठभागावर आधीपासून काय बसलंय, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. त्यात तिसरी सगळ्यात महत्त्वाची.

सगळ्यात साधं अल्कोहोल म्हणजे मिथेनॉल. एक कार्बन, त्याला तीन हायड्रोजन, आणि एका बाजूला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. हा रेणू धातूवर उतरतो तो ऑक्सिजनच्या बाजूने, कारण ऑक्सिजनकडे वापरात नसलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या असतात. तांबं, चांदी, सोनं अगदी स्वच्छ असेल, म्हणजे प्रयोगशाळेतल्या निर्वात पेटीत कणभरही ऑक्साइड नसेल, तर ही पकड फारच सैल असते. कडाक्याच्या थंडीत रेणू बसतो, जरा ऊब मिळाली की आला तसा उडून जातो. ना त्याचं काही बिघडत, ना धातूचं.

आता त्याच तांब्यावर आधी थोडे ऑक्सिजनचे अणू बसवा. चित्रच बदलतं. तो ऑक्सिजन मिथेनॉलच्या टोकाचा हायड्रोजन काढून घेतो, त्यातून पाणी तयार होऊन निघून जातं, आणि धातूवर उरतो मिथॉक्सी नावाचा तुकडा. हा चांगला घट्ट बसतो. पुढे तापवत नेलं तर साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचा आणखी एक हायड्रोजन सुटतो आणि फॉर्मॅल्डिहाइड वायू बाहेर पडतो. चांदीवर हेच त्याहून कमी तापमानाला होतं. वॉक्स आणि मॅडिक्स या जोडीने १९७८ मध्ये तांबं आणि चांदी दोन्हींवर हे पायरी-पायरीने दाखवलं, आजही शिकवताना तिथूनच सुरुवात करतात.

निकेल, पॅलेडियम, प्लॅटिनम ही मंडळी जास्त आक्रमक. ती मध्येच थांबत नाहीत. एकेक हायड्रोजन काढत जातात, शेवटी उरतो कार्बन मोनॉक्साइड. मोलिब्डेनम, टंगस्टन तर कार्बन आणि ऑक्सिजनमधला बंधसुद्धा तोडतात.

म्हणजे इथे धातू झिजत नाही, अल्कोहोल मोडतं. केळीवालादादा, तुमच्याकडे उलटं झालंय. त्यावर पुढच्या प्रतिसादात लिहिते, घरी पाहुणे आलेत.

खापरावरचा_मांडा
इतलं बठ्ठं वाचीसन डोकं गरगरनं भो. गाडी चालू व्हई का नही ते सांगा.

मास्तर_अमळनेर
@अणुरेणू, छान लिहिलंत ताई. हे निर्वात पेटीशिवायही दिसतं. आम्ही दहावीच्या मुलांना दाखवायचो.

तांब्याची जाडसर तार पेन्सिलीभोवती गुंडाळून वेटोळं करायचं. ते बर्नरवर लालभडक होईपर्यंत धरायचं, बाहेर काढलं की हवेत काळं पडतं. तो काळा थर म्हणजे कॉपर ऑक्साइड. परीक्षानळीत तळाला थोडं स्पिरिट घ्यायचं आणि गरम वेटोळं हळूच आत सोडायचं, स्पिरिटला न लावता, नुसत्या वाफेत. काळा रंग खालच्या वेढ्यापासून वर सरकत नाहीसा होतो आणि मागे तांबं असं गुलाबी निघतं, की कल्हईवाल्यालासुद्धा इतकं स्वच्छ कधी मिळालं नसेल. त्याच वेळी नळीच्या तोंडाशी झोंबणारा, आंबट फळासारखा वास येतो. तो ॲसिटाल्डिहाइडचा. पुन्हा तापवा, पुन्हा काळी. पुन्हा वाफेत, पुन्हा गुलाबी. तार संपत नाही, स्पिरिट संपतं.

मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे यायची. एकदा एक जण म्हणाला, "सर, स्पिरिट तांबं धुतंय." मी म्हटलं, धुत नाही रे, तांब्यावरचा ऑक्सिजन चोरतंय.

सूचना: बाजारातल्या डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, मग वासात फॉर्मॅल्डिहाइडही येतं. खिडक्या उघड्या ठेवा, स्पिरिटची बाटली बर्नरपासून लांब ठेवा, आणि घरी करू नका.

सराफकट्टा
मास्तर, तुमच्या प्रयोगाचा भाऊ आमच्या दुकानामागे रोज चालतो. (जळगावचा आहे, आडनाव सांगत नाही, सराफ बाजारात सगळे एकमेकांना ओळखतात.)

दागिना झाळायच्या (जोडाला डाग द्यायच्या) आधी बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवतो, दागिना त्यात बुडवतो आणि पेटवतो. हिरवीगार ज्योत निघते, स्पिरिट जळून जातं, आणि दागिन्यावर पांढरा पातळ थर राहतो. त्यामुळे चांदीतलं तांबं झाळताना काळं पडत नाही. आमचे बंगाली कारागीर हे डोळे मिटून करतात. इथे स्पिरिट फक्त पोहोचवायचं काम करतं असं मला वाटतं. बरोबर का ताई?

आणि सोन्यावर अल्कोहोलचा काहीच परिणाम होत नाही ना? गिऱ्हाईक विचारतात, सॅनिटायझरने अंगठी खराब होते का म्हणून.

अणुरेणू
@सराफकट्टा, बरोबर. स्पिरिट वाहक आहे. हिरवा रंग मात्र दोघांच्या संगनमताचा. बोरिक आम्ल आणि अल्कोहोल मिळून बोरेट एस्टर बनतं, ते उडून जळतं म्हणून ज्योत हिरवी.

सोन्याच्या अंगठीला सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने काही होत नाही. मोती, पोवळी किंवा चिकटवलेले खडे असतील तर जपा. पण सोनं अगदीच निष्क्रिय आहे हा समजही पूर्ण खरा नाही. १९८० च्या दशकात जपानच्या हारुतांनी दाखवलं की काही नॅनोमीटरचे सोन्याचे कण उत्तम उत्प्रेरक असतात. सोन्यावर ऑक्सिजनचे अणू बसवले तर मिथेनॉलपासून मिथाइल फॉर्मेट तयार होतं. पुन्हा तोच मुद्दा, आधी काय बसलंय.

मास्तरांच्या प्रयोगाचा मोठा अवतार कारखान्यात चालतो. प्लायवूडच्या डिंकासाठी लागणारं फॉर्मॅल्डिहाइड बनवायला मिथेनॉलची वाफ आणि हवा चांदीच्या कणांच्या थरातून ६०० ते ७०० अंशांवर नेतात. दुसऱ्या पद्धतीत चांदीऐवजी लोह आणि मोलिब्डेनमची ऑक्साइडं वापरतात, त्याला तापमान बरंच कमी लागतं. फॉर्मॅल्डिहाइड पहिल्यांदा ओळखलं तेही असंच. हॉफमनने १८६० च्या दशकात बर्लिनमध्ये मिथेनॉलची वाफ तापलेल्या प्लॅटिनमच्या तारेवरून नेली. त्याच्याही आधी, १८१७ मध्ये, हम्फ्री डेव्हीच्या लक्षात आलं होतं की गरम प्लॅटिनमची तार ज्वलनशील वाफेत धरली तर ज्योतीशिवाय लाल राहते.

तिसरा_डोळा_जळगाव
म्हणजे दोनशे वर्षांपासून माहीत आहे आणि तरी आपल्या गाडीत विचार न करता ओतलं.

पुणेरी_खानदेशी
@तिसरा_डोळा, ब्राझीलने १९७९ पासून नुसत्या इथेनॉलवर गाड्या चालवल्या. तिथे हाच प्रश्न आला होता. जस्ताच्या मिश्रधातूचे कार्ब्युरेटर सडले म्हणून त्यांना निकेलचा मुलामा दिला आणि टाक्यांना आतून कथलाचा थर दिला. विचार केला की होतं. आपल्याकडेही एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचं सामान ई२० ला चालेल असं आहे. प्रश्न त्याआधीच्या गाड्यांचा.

मास्तर_अमळनेर
थोडक्यात, ब्राझीलने टाक्यांना कल्हई केली!

भरीत_भाकरी
आता आमच्या चोपड्याच्या कल्हईवाल्या चाचांना चांगले दिवस. "बर्तन को कलऽऽई, बजाज को कलऽऽई."

सातपुड्याचा_वारा
कल्हईवरून आठवलं. नवसागर. कल्हईवाले तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून पांढरा धूर काढतात, त्याने तांब्यावरचं ऑक्साइड निघतं आणि मग कथील चिकटतं. तोच नवसागर हातभट्टीवाले गुळाच्या रसायनात टाकतात, "लवकर आंबतं" म्हणून. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. पुढे ती दारू पितळी किंवा तांब्याच्या नळीतून काढली तर नळी आतून निळी-हिरवी होते. केळीवाल्यांच्या जेटवरचा हिरवा थर वाचून तीच नळी डोळ्यांपुढे आली.

मोहाची गोष्ट वेगळी. धडगाव-अक्कलकुव्याकडे मातीच्या मडक्यावर मडकं ठेवून काढतात, धातूचा संबंधच कमी. हल्ली मात्र ॲल्युमिनियमचे डबे आलेत. जुनी माणसं म्हणतात, डब्यातली मडक्यासारखी लागत नाही. विदेशी व्हिस्कीवाले तर मुद्दाम तांब्याचं भांडं वापरतात असं वाचलंय. त्यात काही रसायनशास्त्र आहे का, की नुसती ऐट?

खापरावरचा_मांडा
आता कसा धागा रंगात उना!

अणुरेणू
@सातपुड्याचा_वारा, ऐट नाही. आंबवणात गंधकाची दुर्गंधी संयुगं तयार होतात, सडक्या कोबीच्या वासाची. तांब्याचा पृष्ठभाग ती पकडून ठेवतो. स्टीलच्या भांड्यात काढलेल्या मद्यात तो वास राहतो, म्हणून स्टील वापरणारेही वाफेच्या वाटेत कुठेतरी तांबं ठेवतात. इथे तांबं अल्कोहोलला हातही लावत नाही, त्याच्या सोबतच्या गंधकाशी त्याचं वैर. तांबं मात्र हळूहळू पातळ होत जातं.

आणि एक गंभीर गोष्ट, कारण विषय निघालाच आहे. विषारी दारूत माणसं मरतात ती बहुतेक वेळा औद्योगिक मिथेनॉल मिसळल्याने. शरीरातही मास्तरांचाच प्रयोग होतो. यकृतातलं एक विकर मिथेनॉलचे हायड्रोजन काढून फॉर्मॅल्डिहाइड करतं, त्याचं पुढे फॉर्मिक आम्ल होतं, आणि ते डोळे आणि जीव दोन्ही घेतं. त्या विकराच्या मध्यभागी जस्ताचा अणू असतो, अल्कोहोल तिथेच येऊन बसतं. साधं इथेनॉल त्या जागेवर जास्त पटकन बसतं, म्हणून डॉक्टर उतारा म्हणून इथेनॉल किंवा फोमेपिझोल देतात. हे दवाखान्यात, मोजून. "वरून देशी पाज" हा घरगुती उपाय अजिबात नको.

भुसावळ_पॅसेंजर
माझं वेगळंच. नोकरीत धातूच्या तपासणीशी संबंध होता. अल्कोहोल आणि धातू म्हटलं की आमच्या क्षेत्रात पहिली आठवते टायटॅनियमची गोष्ट.

१९६६ मध्ये अमेरिकेच्या अपोलो चांद्रयानाच्या सर्व्हिस मोड्यूलच्या इंधन टाकीची दाबाची चाचणी चालू होती. टाकी टायटॅनियमच्या मिश्रधातूची. खरं इंधन विषारी, म्हणून चाचणीला त्याच्याऐवजी साधं मिथेनॉल भरलं. समुद्राच्या पाण्याला न जुमानणारा धातू, मिथेनॉलची काय कथा! पण दाबाखाली टाकी तडकून फुटली. कारण सापडलं ते असं: कोरडं मिथेनॉल आणि धातूवरचा ताण एकत्र आले की टायटॅनियमला भेगा पडत जातात. त्यात एक-दोन टक्के पाणी मिसळलं की भेगा थांबतात.

म्हणून @गॅरेजवाला_धुळे, सगळा दोष पाण्याचा हे मला पटत नाही. पाण्याअभावीही धातू मरतो.

गॅरेजवाला_धुळे
@भुसावळ_पॅसेंजर, साहेब तुमचं टायटॅनियम, माझं ॲल्युमिनियम. मी अपोलो दुरुस्त करत नाही. मी जे बाऊल उघडतो त्यात तळाला पाणी असतं. हाताने बोट फिरवून बघतो, चिकट नाही, पाणीच. तुम्ही म्हणता पाणी टाका, उद्या पोरं टाकीत बिस्लेरी ओततील.

भुसावळ_पॅसेंजर
पाणी टाका असं कुठे म्हटलं मी? उगाच शब्द तोंडात घालू नका.

भरीत_भाकरी
धुळे विरुद्ध भुसावळ. सुरत-भुसावळ लाइनवर तणाव.

अणुरेणू
दोघंही बरोबर आहात. पाहुणे गेले, आता नीट लिहिते.

ॲल्युमिनियम स्वभावाने तापट धातू. उघडा पडला की लगेच हवेतल्या ऑक्सिजनला चिकटतो आणि अंगावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. दुधावरच्या सायीसारखा, मोडला की पुन्हा धरणारा. हा थर आहे म्हणून आपला कुकर टिकतो. आता यात दोन प्रकारे बिघाड होतो, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला कोरडा. जवळजवळ निर्जळ इथेनॉल आणि तापलेलं ॲल्युमिनियम एकत्र आले, आणि तो थर कुठे खरचटला, तर तो पुन्हा धरायला पाणी लागतं. पाणी नाही म्हणून इथेनॉल थेट धातूला भिडतं. ॲल्युमिनियम इथॉक्साइड आणि हायड्रोजन वायू तयार होतो. बारावीला सोडियमचा तुकडा अल्कोहोलमध्ये टाकल्यावर बुडबुडे येतात ना, त्याच जातीची अभिक्रिया. मॅग्नेशियम तर आयोडीनचा कण टाकला की मिथेनॉलमध्ये सरळ विरघळायला लागतं, अल्कोहोल पूर्ण कोरडं करायला प्रयोगशाळेत हीच युक्ती वापरतात. ॲल्युमिनियमवरचा हा हल्ला इंजिनाजवळच्या गरम भागात होतो, एकदा सुरू झाला की खड्डा खोल जातो, आणि अगदी थोडं पाणी असलं तरी थांबतो. भुसावळच्या साहेबांचं टायटॅनियम याच्या जवळचं.

दुसरा ओला. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवू शकतं. त्याहून जास्त झालं, किंवा रात्री तापमान उतरलं, की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाला वेगळे होतात. वर नुसतं पेट्रोल, खाली अल्कोहोल आणि पाण्याचा थर. ई२० जास्त पाणी सामावतं, पण उभी गाडी आणि पावसाळी हवा असेल तर तेही कधीतरी भरतं. त्या खालच्या थरात क्लोराइडचे अंश आणि इथेनॉल हवेने आंबून झालेलं थोडं ॲसेटिक आम्ल असू शकतं. नुसतं पेट्रोल वीज जवळपास वाहूच देत नाही, हा थर देतो. आणि फ्लोट बाऊलमध्ये काय आहे? ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं ओतीव भांडं, आणि त्यात बुडालेला पितळी जेट. दोन वेगळे धातू आणि मध्ये वीज वाहणारा द्रव. बॅटरीच झाली ती. यात ॲल्युमिनियम किंवा जस्त झिजतं, त्याची ऑक्साइड-हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी होते. हिरवा थर पितळेतल्या तांब्याचा.

केळीवालादादांची गाडी पावसाळाभर थंड उभी होती, म्हणजे हा दुसरा प्रकार. गॅरेजवालेभाऊंचं निदान या गाडीपुरतं बरोबर.

दवाखान्यातला ट्रे आणि मोबाइलचा बोर्ड का वाचतो? स्पिरिट दोन मिनिटांत उडून जातं, थंडच असतं, आणि मागे क्षार ठेवत नाही. उलट बोर्डावर आधीपासून असलेले क्षार आणि फ्लक्स (झाळकामातला चिकट मळ) घेऊन जातं. तांबं लखलखतं ते मळ निघाल्यामुळे. मास्तरांच्या तारेसारखं ऑक्साइड निघून नव्हे, तेवढं तापमान तिथे नसतं.

सराफकट्टा
वाचनखूण साठवली. हे मराठी शाळेच्या पुस्तकात का नव्हतं?

मास्तर_अमळनेर
होतं. तुम्ही मागच्या बाकावर होता.

तिसरा_डोळा_जळगाव
मायलेजचं कोणी बोललंच नाही. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी. २० टक्के मिसळलं तर किती कमी पडेल ते ज्याने त्याने काढावं. दर मात्र तोच.

पुणेरी_खानदेशी
त्याला दुसरा धागा आहे. लिंक शोधून देतो, तिथे भांडू. इथे नको.

वसूबारस
मी गप्प वाचत होते. @अणुरेणू, तुम्ही लिहिलंत की प्लॅटिनमवर शेवटी कार्बन मोनॉक्साइड उरतो. मग तो तिथेच बसून राहिला तर पुढच्या मिथेनॉलला जागा कुठून मिळते? मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिच्या प्रकल्पात मिथेनॉलचा इंधनघट (फ्युएल सेल, इंधनापासून थेट वीज देणारा) आहे आणि तो थोड्या वेळाने दमतो म्हणते.

अणुरेणू
@वसूबारस, मुलीने नेमकी दुखरी नस पकडली आहे. कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला घट्ट धरून बसतो, जागा अडवतो, आणि घट दमतो. म्हणून प्लॅटिनमसोबत रुथेनियम मिसळतात. रुथेनियम पाण्यातून ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी सहज पकडतो, ती शेजारच्या कार्बन मोनॉक्साइडला देतो, तो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो आणि जागा मोकळी. तिला म्हणावं, विद्युतअग्र नुसतं प्लॅटिनमचं आहे का ते आधी बघ. आणि मिथेनॉल पातळ करून वापरतेय ना? तीव्र असेल तर ते घटातल्या मधल्या पटलातून पलीकडे झिरपतं, त्यानेही व्होल्टेज पडतं.

वसूबारस
नुसतं प्लॅटिनमच आहे म्हणाली. रुथेनियमवालं महाग आहे म्हणे, सर देतील का ते बघते. आभार ताई.

केळीवाला_यावल
सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता कामाचं सांगा. खड्डे पडलेला कार्ब्युरेटर वाचतो का? आणि पुढच्या पावसाळ्यात काय करू? गाडी विकायची नाही, वडिलांची आहे.

गॅरेजवाला_धुळे
दादा, बाऊल आणि जेट वेगळे मिळतात, तेवढे बदला. बॉडी काढून कार्ब क्लीनरने धुवा, बारीक तारेने जेट टोकरू नका, भोक मोठं होतं. मग उजेडात धरून फ्लोटच्या सुईची बैठक बघा. तिथे खड्डा असेल तर पेट्रोल गळतच राहणार, मग बॉडी बदलल्याशिवाय इलाज नाही. खड्डे फक्त बाऊलच्या भिंतीला असतील तर बॉडी वाचली.

उभी करताना पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून उरलेलं काढा. बाऊल कोरडा राहिला की ताईंची बॅटरीच नाही. टाकी पत्र्याची असेल तर ती एकतर पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात द्या. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, वरच्या मोकळ्या हवेतला दमट थेंब आत धरतो.

भुसावळ_पॅसेंजर
याला पूर्ण अनुमोदन. एकच जोड: मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये टाकी तोंडोतोंड भरू नका. पेट्रोल फुगतं, झाकणातून बाहेर येतं. पावसाळ्याच्या तोंडावर भरा.

गॅरेजवाला_धुळे
हे बरोबर बोललात साहेब.

खापरावरचा_मांडा
भुसावळ-धुळे समझोता व्हयना. भरीत पार्टी कवय?

केळीवाला_यावल
सुईची बैठक बघितली, भिंगाने. स्वच्छ आहे. बाऊलच्या भिंतीलाच खड्डे आहेत. जेट आणि बाऊल मागवतो. गॅरेजवालेभाऊ, ड्रेन स्क्रूच्या चाऱ्या गेल्या आहेत, तो वेगळा मिळतो का, की बाऊलसोबतच येतो?

गॅरेजवाला_धुळे
बाऊलसोबत येतो. वॉशर मात्र वेगळा मागा, दुकानदार देत नाहीत.